बेवारस पाणी: सोलापूर परिसरातील भटकंती

शनिवार: तलाव, गिरणी आणि नाला

माझी भाची अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात पर्यावरण अभियंता आहे. फार पूर्वी बंद पडलेल्या कोळसा खाणींतून आजही बाहेर येणारे आम्लधर्मी पाणी ओढ्याला मिळण्यापूर्वी निवळवणे, हे तिचे काम. डिसेंबरात ती सुटीवर सोलापूरला आली, तेव्हा शहराचे आणि जिल्ह्याचे पाणी आज कोणत्या स्थितीत आहे ते सलग पाहावे, अशी इच्छा तिने बोलून दाखवली. आमच्याबरोबर यंत्रमागाच्या धंद्यात आयुष्य काढलेले एक स्नेही होते, ज्यांना शहराच्या पूर्व भागात सगळेच अण्णा म्हणतात. गाडी त्यांची होती आणि वाटेतील निम्म्याहून अधिक शंकाही त्यांच्याच होत्या.

सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारून आम्ही जुन्या मिलच्या परिसराकडे वळलो. एकेकाळी या शहराचे घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. गिरण्या बंद पडल्या, कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली, जमिनींचे वाद झाले. तरी भोंगा थांबला त्या दिवशी धूरही थांबला आणि सांडपाणीही थांबले. अण्णांनी सहज विचारले की खाण बंद झाली तर तिचेही तसेच होत असेल ना. भाची म्हणाली, "नाही अण्णा, तिथे नेमके उलटे होते. खाण चालू असते तोपर्यंत पंप चालतात, पाणी उपसले जाते. कंपनी निघून गेली की पंप बंद होतात, बोगदे पाण्याने भरतात आणि खरा त्रास तिथून सुरू होतो."

कोळशाच्या थरांत आणि त्यांच्या आसपासच्या खडकांत पायराइट नावाचे, लोह आणि गंधक यांचे संयुग असते. जमिनीखाली झाकलेले असेपर्यंत ते निरुपद्रवी राहते. खोदकामामुळे त्याला हवा आणि पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि लोह विरघळून पाण्यात येते. काही जिवाणू याच प्रक्रियेवर जगतात आणि तिचा वेग कितीतरी वाढवतात. पाणी अधिक आम्लधर्मी झाले की ते खडकांतील ॲल्युमिनियम आणि मँगेनीजही ओढून आणते. असे पाणी खाणीच्या तोंडातून बाहेर पडताना कित्येकदा अगदी स्वच्छ दिसते, पण उघड्यावर हवा लागताच त्यातील लोह गंजून ओढ्याच्या तळावर नारिंगी-पिवळा थर साचतो. तिथले लोक त्याला "यलो बॉय" म्हणतात. त्या थराखाली किडे, शेवाळ, माशांची अंडी काहीच टिकत नाही. एकट्या पेनसिल्व्हेनियात अशा रीतीने बिघडलेल्या ओढ्यानद्यांची लांबी ५,५०० मैलांहून अधिक भरते.

दुपारी अण्णांनी आम्हाला पूर्व भागातील एका नाल्यावर नेले. टॉवेल आणि चादरीच्या सुताची रंगाई जिथे होते, त्या बाजूने येणारे पाणी त्या दिवशी गडद जांभळे होते. भाचीने आम्लता मोजणारी कागदी पट्टी बुडवली. पाणी आम्लधर्मी तर नव्हतेच, उलट चांगलेच अल्कधर्मी निघाले, आणि अण्णांना त्याचे मुळीच नवल वाटले नाही. सुती धाग्यावर रंग पक्का बसावा म्हणून कुंडात मीठ आणि सोडा घालावा लागतो, हे त्यांना पाठ होते. भाचीने तिथेच एक गोष्ट स्पष्ट केली, जी पुढे सगळ्या प्रवासात आम्हाला पुन्हा पुन्हा आठवली. लोह खाली बसवता येते, आम्ल चुनखडीने मारता येते, परंतु विरघळलेले मीठ ना निवळणीच्या तळ्यात बसते ना पाणकणीस या दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतीच्या मुळांत अडकते. त्यामुळे तिच्याकडचे उपाय उचलून या नाल्यावर ठेवता येणार नाहीत. उचलण्यासारखे काही असेल, तर ते माणसांनी एकत्र येण्याच्या पद्धतीत असेल.

रविवार: कोळशाची राख आणि दोन नद्यांचा संगम

सकाळी होटगीच्या बाजूने फताटेवाडीकडे निघालो. शाळू गुडघ्याच्या वर आला होता आणि त्याच्या पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. ६६० मेगावॉटचे दोन संच असलेले हे केंद्र रेल्वेने येणाऱ्या कोळशावर आणि उजनीच्या पाण्यावर चालते. सोलापूरच्या भूमीत कोळसा नाही; इथे आहे तो दख्खनचा काळा कातळ. महाराष्ट्रातील कोळसा विदर्भात, चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरच्या पट्ट्यात सापडतो. तो गोंडवन नावाच्या प्राचीन खडकथरांतील असून त्यात गंधक कमी असते, म्हणून तिथल्या खाणींतील पाण्याचे दुखणे ईशान्य भारताइतके उग्र नाही.

मेघालयातील जयंतिया टेकड्यांचा कोळसा मात्र गंधकाने भरलेला. तिथे उंदरांच्या बिळांसारख्या अरुंद भुयारांतून, बहुतांशी खासगी जमिनींवर, तो काढला गेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये त्या खाणकामावर बंदी घातली, परंतु सोडून दिलेली हजारो भुयारे आणि उघड्यावर पडलेले ढीग पावसाळ्यात पाझरतच राहिले. हिवाळ्यात तिथली लुखा नदी निळी पडते. परक्याला ते पाणी सुंदर वाटते. काठावरच्या गावांना त्यात मासा मिळत नाही.

गाडीत बसल्या बसल्या भाचीने पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागातील नॉक्स खाणीची हकिकत सांगितली. २२ जानेवारी १९५९ रोजी सस्क्वेहाना नदीच्या पात्राखाली फारच उथळ खोदलेल्या बोगद्याचे छत फुटले आणि नदीच खाणीत शिरली. बारा कामगार गेले. भोवरा बुजवण्यासाठी रेल्वेचे डबे त्यात लोटावे लागले. त्या खोऱ्यातील भूमिगत खाणकाम या दुर्घटनेनंतर जवळजवळ संपले, पंप थांबले आणि एकमेकांना जोडलेल्या खाणी मिळून जमिनीखाली एक अवाढव्य जलाशय तयार झाला. लोकांच्या तळघरांत पाणी चढू लागले, तेव्हा सरकारी अभियंत्यांनी १९६२ मध्ये ओल्ड फोर्ज या गावी एक रुंद भोक पाडून ते पाणी लॅकवाना नदीत सोडून दिले. घरे वाचली. त्या भोकातून मात्र आजतागायत रोज कोट्यवधी लिटर लोहयुक्त पाणी येत असून तिथून खाली नदी नारिंगी झालेली आहे.

"मग दावा कोणावर लावायचा?" अण्णांनी विचारले. कोणावरच नाही, हे त्याचे उत्तर होते. ज्यांनी कोळसा काढला त्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या किंवा कागदावरूनही नाहीशा झाल्या. अमेरिकेने ३ ऑगस्ट १९७७ रोजी खाणकाम आणि भूमी-पुनर्स्थापनेचा कायदा केला, त्यात दोन भाग पाडले. कायद्यानंतर उघडलेल्या खाणीचा मालक जबाबदार. त्याने आधी हमीची रक्कम ठेवायची. कायद्याआधी सोडून दिलेल्या खाणींसाठी चालू खाणींकडून टनामागे उपकर घ्यायचा. सुरुवातीला तो उघड्या खाणीच्या कोळशावर ३५ सेंट आणि भूमिगत कोळशावर १५ सेंट होता. म्हणजे आजोबांच्या पिढीने केलेली घाण नातवाच्या धंद्यातून निस्तरायची. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते असे नाही, पण नदीला न्यायाची वाट पाहायला सवड नसते.

दुपारनंतर विजापूर रस्त्याला लागून हत्तरसंग कुडलला पोहोचलो. इथे सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या प्राचीन मंदिरातील शके ९४० चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, म्हणून मी तिथे थोडा अधिक वेळ रेंगाळलो. भाची मात्र थेट पाण्याकडे गेली. संगमापाशी उभे राहून तिने तिच्याकडील लोकसंघटनांची रचना समजावली. त्या गावाच्या किंवा तालुक्याच्या हद्दीवर उभ्या नसतात. एका ओढ्याला जेवढी जमीन पाणी देते, तेवढ्या जमिनीवरचे लोक त्या संघटनेत येतात. मच्छीमारीचा नाद असलेले निवृत्त खाणकामगार, शाळेतले शिक्षक, ज्यांच्या शेतातून पाणी फुटते ते जमीनमालक, जवळच्या विद्यापीठातील एखादा भूशास्त्रज्ञ आणि जिल्ह्याच्या मृदसंधारण खात्याचा माणूस असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. सीनेच्या बाबतीत हे करायचे म्हटले, तर अहिल्यानगरपासून दक्षिण सोलापूरपर्यंतची माणसे एका बैठकीत आणावी लागतील. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "आधी एका नाल्यापासून करू."

सोमवार: हिप्परगा आणि संध्याकाळची बैठक

हिप्परग्याचा तलाव, म्हणजे कागदोपत्री एकरूख, हे ब्रिटिश अमदानीतील मोठे काम. तुळजापूर रस्त्यावरून तो दिसू लागतो. शहराच्या पिण्याच्या पाण्यातील काही वाटा आजही इथून येतो. काठावर फार वेळ गेला नाही. परतीच्या वाटेवर खडीच्या दोन सोडलेल्या खाणी पाण्याने भरलेल्या दिसल्या आणि अण्णांनी गाडी थांबवून पट्टी बुडवायला लावली. आकडा आठच्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी आला. बेसॉल्टमध्ये आम्ल निर्माण करील इतके पायराइट नसते, शिवाय तो खडकच आम्लाला विरोध करतो. त्यामुळे सोलापूरच्या सोडलेल्या खाणी धोकादायक असल्या, तरी तो धोका पोहायला उतरणाऱ्या मुलांना आणि गुरांना आहे, ओढ्यांना नाही.

संध्याकाळी अण्णांच्या कारखान्याच्या माडीवर दहा-पंधरा जण जमले. डाईंगवाले, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, एक निवृत्त नगर अभियंता, नाल्याच्या खालच्या अंगाला जमीन असलेले दोन शेतकरी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहा यांच्या साक्षीने भाचीने भिंतीवर चित्रे दाखवली आणि लोकांनी तिला अजिबात सोडले नाही.

पहिले चित्र पेनसिल्व्हेनियातील व्हिंटनडेल या खाणगावाचे होते. कोळसा गेला, भट्ट्या पडल्या, गाव रिकामे होत गेले. १९९४ पासून तिथे एक इतिहासकार, एक भूजलतज्ज्ञ, एक शिल्पकार आणि एक उद्यानरचनाकार यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुमारे ३५ एकर पडीक जागेवर पाणी निवळवणाऱ्या तळ्यांची मालिका उभी केली. तळ्यांच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा अशा निवडल्या की शरद ऋतूत पाने रंग बदलतात, तेव्हा पहिल्या तळ्यापाशी ती लाल-नारिंगी दिसावीत आणि शेवटच्या तळ्याकडे जाता जाता निळसर हिरवी व्हावीत; पाण्याचा प्रवास झाडांवर वाचता यावा. एका डाईंगवाल्यांना हे फार आवडले. निवृत्त अभियंत्यांना अजिबात नाही. त्यांना आतली रचना हवी होती.

ती भाचीने सविस्तर सांगितली. सगळ्यात साधा उपाय म्हणजे चुनखडीने भरून वरून मातीने बंद केलेला चर. त्यातून आम्लधर्मी पाणी जाताना चुनखडी विरघळते आणि आम्ल मरते. पण पाण्यात प्राणवायू किंवा ॲल्युमिनियम अधिक असेल, तर दगडांवर पुटे चढतात, मधल्या फटी बुजतात आणि चर निकामी होतो. म्हणून दुसरी रचना निघाली: वर पाणी, त्याखाली सेंद्रिय खताचा थर, त्याखाली चुनखडी आणि तळाशी भोके पाडलेले नळ. पेनसिल्व्हेनियात अळंबीची शेती मोठी असल्याने अळंबी काढून उरलेले खतच या थरासाठी वापरतात. खत पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, लोह विरघळलेल्या रूपात राहते आणि दगडांवर पुट चढत नाही. पुढे उघड्या तळ्यात हवा लागली की ते लोह खाली बसते आणि उरलेले पाणकणसाच्या दलदलीत अडकते. वीज नाही, पंप नाही, रोज रसायन टाकणारा माणूस नाही. जिथे पाणी फारच जास्त किंवा फारच आम्लधर्मी असते, तिथे मात्र चुन्याची निवळी टाकणारे, यंत्रांवर चालणारे केंद्रच उभारावे लागते.

"म्हणजे एकदा बांधले की झाले," कोणीतरी म्हणाले. भाची हसली. तिच्या मते सगळी गोम इथेच आहे. तळ्यात गाळ साचतो आणि तो काही वर्षांनी काढावा लागतो. तळाचे नळ ठरावीक काळाने झडप उघडून धुवावे लागतात. खत जुने होते. उंदीरवर्गातील प्राणी बांध पोखरतात. उद्‌घाटनाच्या दिवशी फीत कापायला पुष्कळ हात असतात. दहाव्या वर्षी गुडघाभर चिखलात उतरून झडप कोण फिरवणार, हा प्रश्न सहकारी प्रयत्नांना जगवतो किंवा मारतो. अनुदाने बांधकामाला मिळत, देखभालीला मिळत नसत. अमेरिकेने २०२१ मध्ये सोडलेल्या खाणींसाठी पंधरा वर्षांत मिळून सुमारे ११.३ अब्ज डॉलर मंजूर केले, पण त्यातील पैसा आम्लधर्मी पाण्याच्या दीर्घकालीन प्रक्रियेसाठी बाजूला टाकून ठेवण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. तिथल्या ओढ्यांच्या संघटनांनी आणि राज्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन वार्षिक अनुदानाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग या कामासाठी ठेव म्हणून राखण्याची मुभा राज्यांना मिळाली. सहकारी संस्थांच्या राखीव निधीचे राजकारण जन्मभर पाहिलेल्या सोलापूरकरांना हा मुद्दा समजावून सांगावा लागला नाही.

आणखी एक अडचण कायद्याची होती. स्वयंसेवकांनी दुसऱ्याच्या घाणीला हात लावला की ती घाण कायद्याने त्यांचीच ठरण्याची भीती. तळे बांधले आणि बाहेर पडणारे पाणी पुरेसे स्वच्छ झाले नाही, तर खटला ज्याने काही केले त्याच्यावर. ज्याने काहीच केले नाही तो मोकळा. पेनसिल्व्हेनियाने १९९९ मध्ये वेगळा कायदा करून, प्रदूषण न करता सद्‌भावनेने सफाई करणाऱ्यांना आणि त्यासाठी जमीन देणाऱ्यांना राज्यापुरते संरक्षण दिले. त्याच वर्षी राज्याची एक मोठी अनुदान योजनाही सुरू झाली आणि मग छोट्या संघटनांचे काम वेगाने वाढले.

शेतकऱ्यांपैकी एकाने गाळाचे काय करता, असे विचारले. पेनसिल्व्हेनियातील लोबर या ठिकाणच्या तळ्यांतील गाळ काढून, वाळवून, त्यातील लोहाचा रंगद्रव्य म्हणून व्यापार झालेला आहे. ओहायो राज्यात तर विद्यापीठातील एक अभियंता, एक चित्रकार आणि स्थानिक संस्था यांनी मिळून खाणीच्या पाण्यातील लोहापासून चित्रकारांसाठी तैलरंग बनवले आणि एका रंग कंपनीने ते विकले. रंगाने नाले बिघडवणाऱ्या आमच्या मंडळींना बिघडलेल्या पाण्यातून रंग निघाल्याचे ऐकून मौज वाटली. रंग विकून सगळा खर्च निघत नाही, हेही भाचीने लगेच सांगितले.

बैठकीचा शेवट मात्र गोड झाला नाही. एका तरुण डाईंगवाल्याने प्रस्ताव मांडला की आपणही अशीच लोकवर्गणी काढू, शाळांतील मुले आणू, नाल्याच्या कडेने पाणकणीस लावू. खालच्या अंगाचे शेतकरी तडकले. त्यांचे म्हणणे सरळ होते: तिकडे खाणवाला मेला आहे म्हणून शेजाऱ्यांनी वर्गणी काढली, इथे नाला रंगवणारा समोर चहा पीत बसला आहे. मला शेतकऱ्यांची बाजू पटली आणि आजही पटते. बेवारस पाण्यासाठी लोकवर्गणी ही उदारता आहे. धनी हजर असलेल्या पाण्यासाठी तीच लोकवर्गणी धन्याला सूट देते. परंतु अण्णांचा मुद्दाही खोटा नव्हता. एकेका छोट्या रंगाईवाल्याला स्वतःचे शुद्धीकरण यंत्र परवडत नाही, मिठाचे पाणी निस्तरण्याचा खर्च तर त्याहून मोठा. त्यामुळे इथला सहकार रंगाईवाल्यांचा आपापसातला असला पाहिजे: पाणी जेवढे, तेवढा ज्याचा त्याचा वाटा घेणारे सामुदायिक केंद्र, आणि त्याच्या हिशेबाच्या वहीवर खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची नजर. यावर बैठकीत एकमत झाले नाही. विरोध मात्र फक्त वाटा कसा मोजायचा यावर उरला, आणि ती प्रगतीच म्हणायची.

मंगळवार: उजनी

मोहोळ, टेंभुर्णी मागे टाकून धरणावर पोहोचायला ऊन चढले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे आणि सोलापूर शहर मुख्यतः याच पाण्यावर जगते. पाण्याला हिरवट तवंग होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथे येऊन साचते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. भाचीला इथे तिच्या कामाशी जुळणारे फार थोडे सापडले. इथले पाणी बेवारस नाही, त्याचा धनी लहानही नाही. त्याच्या महापालिका आहेत, अंदाजपत्रके आहेत, आणि त्याच्याकडून वसुली करायला कायदाही आहे. तिथे सोलापूरकरांनी पाणकणीस लावण्यात अर्थ नाही, पाठपुरावा करण्यात आहे.

तिला ब्रिटनचे उदाहरण आठवले ते याच संदर्भात. तिथे कोळसा खाणी दीर्घकाळ सरकारच्या मालकीच्या होत्या, त्यामुळे त्या बंद झाल्यावर १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कोल अथॉरिटीकडे खाणींच्या पाण्याची जबाबदारी आली आणि देशभर पंचाहत्तरहून अधिक शुद्धीकरण योजना उभ्या राहिल्या. लोकांनी वर्गणी काढावी अशी वेळ फारशी आली नाही, कारण मालक सापडत होता. वेल्समधील पेलेना नदीवर नव्वदच्या दशकात बांधलेल्या दलदलींसाठीही स्थानिक परिषद आणि नदीचे खाते एकत्र आले होते.

परतताना एका धाब्यावर अण्णांनी वहीत रकाने आखून घेतले. तारीख, वेळ, नाल्यावरचे ठिकाण, एक बादली भरायला लागलेले सेकंद, आम्लतेचा आकडा, क्षारांचा आकडा, पाण्याचा रंग, मोजणाऱ्याची सही. भाचीच्या अनुभवानुसार कोणतीही संघटना तळे बांधण्याआधी निदान वर्षभर हेच करते, कारण पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील पाणी माहीत नसेल तर तळ्याचा आकार ठरवता येत नाही आणि कोणाचा वाटा किती हेही ठरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन ठिकाणी मोजणी करायची, दर वेळी एक रंगाईवाला आणि एक शेतकरी मिळून करायची, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आकडा ग्राह्य धरायचा नाही, असे ठरले. क्षार मोजण्याचे यंत्र अण्णा घेणार आहेत. त्याची निम्मी किंमत शेतकऱ्यांनी द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि शेतकऱ्यांचा त्याला अजून होकार आलेला नाही.